देठासकट

पाणी पाच-वीसला येतं, सहा-पाचला जातं.
तेवढ्यात पिंप, दोन कळश्या, बादली,
आणि आज हा स्ट्रॉबेरीचा डबा,
काल रात्री निरंजननं मुलुंड चेकनाक्यावर घेतलेला.
वरचा थर फोटो काढावा असा.
खालचा, बघू.

चार्वी उठून ओट्याशी उभी.
'चकाकतायत आजी. म्हणजे स्वच्छच ना?'

काय सांगू हिला.
एकतीस वर्षं पाणी खात्याच्या प्रयोगशाळेत
मी चकाकणारंच तर पाणी तपासलं.
तांडेल बर्फाच्या पेटीतून बाटल्या आणायचा,
गोवंडीची, अँटॉप हिलची, मलबार हिलचीसुद्धा,
लेबल काढलं तर कुठली कुठली कळू नये
इतकी सगळी आरपार.
थेंब टाकायचे आणि थांबायचं.
पिवळं झालं, क्लोरिन आहे, प्या बिनघोर.
नाही झालं, की फोन फिरवायचा.
एकदा नाही झालं
आणि पलीकडे फोन कुणी उचलेना.
शनिवार होता. मीही पर्स उचलली.
सोमवारी त्या चाळीतली सात मुलं कस्तुरबात होती.
सातही घरी परतली, पुढे मोठी झाली असतील,
त्यांना माझं नावही ठाऊक नाही.

तर आधी तुझे हात. साबणानं. नखांखालीसुद्धा.
हिला मात्र साबण नको गं,
हिला सालच नाही.
आंबा कसा सालीआड निवांत असतो,
ही बिया अंगावर घेऊन उघडी बसलेली,
जे येईल ते हिलाच चिकटतं:
लाल माती, फवाऱ्याचा वास,
घाटातला धुरळा, टेम्पोवाल्याचा हात.

आणि देठ आत्ता काढायचा नाही.
हिरवी टोपी राहू दे डोक्यावर.
टोपी काढलीस की तिथूनच पाणी आत शिरतं
आणि पाण्याबरोबर आणखी कोण कोण.

समोरच्या दमयंतीबेन हळदीच्या पाण्यात बुडवतात,
बोटं तेवढी पिवळी होतात.
सूनबाई सोडा म्हणते. तिचंही खरं असेल.
मी आपली चाळणी घेते,
नळ बारीक,
आणि एकेक धारेखाली फिरवते,
अंगठा असा,
तुझ्या टाळूवरून फिरवायचे ना, तू दोन महिन्यांची होतीस,
तेवढ्याच जोरानं.

खालच्या थरात एक निघाली राखाडी लव आलेली.
ती टाकली. तिला टेकून बसलेली मऊ पडलेलीही टाकली.
चार्वीला वाईट वाटलं. मला नाही.

मग एक आली, गालावर नखाची चंद्रकोर.
खुडणारीचं असणार.
अजून दिवस फुटायचाय, वाफ्यात दव,
बोटं गारठलेली, क्रेट भरायची घाई,
एक नख जरा जास्त रुतलं.
तीन वेळा धार धरली.
चंद्रकोर तशीच.
बोटानं चाचपली, वरच्यावर आहे, आत सडलेली नाही.
'ही मी खाते,' म्हटलं.
गोड निघाली, त्या बाईला कळवायला हवं होतं.

नळ गुरगुरला. सहा-पाच.
उरलेल्या न धुता, कोरड्याच, फ्रिजमध्ये,
ओल्या ठेवल्या तर उद्या त्यांनाही लव येईल.
धुतलेल्या पंच्यावर टिपल्या,
चाळणीखालच्या वाटीतलं पाणी
सवयीनं खिडकीपाशी धरून पाहिलं.
आरपार.
तुळशीला घालून टाकलं.

पाठ वळवली ती तेवढीच.

दहा धुतल्या होत्या, माझी धरून.
बशीत देठ अकरा.
चार्वी खिडकीतून कबुतरं बघतेय, अगदी गुणी,
हनुवटीवर लाल ओघळ.
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे माझी नजर जाते.
शनिवार.